मर्दन आणि भांगवर्गीय द्रव्ये

मरोदा ही भिलाईच्या पोलाद कारखान्यालगतची वस्ती होय. या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अवजड कामाने कामगाराची पाठ व खांदे आखडतात, तेव्हा अंग चोळून घेणे हा जुना उपाय केला जातो. चोळण्यापूर्वी गांजा ओढला किंवा भांग घेतली म्हणजे आराम दुणावतो, असे काहींना वाटते. ही समजूत कितपत खरी आहे?

मर्दनाने त्वचा उबदार होते, स्नायूंचा ताठरपणा काही काळ कमी होतो व मन शांत होते. भांगेच्या झाडातील मुख्य मादक द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. मेकूलम व गाओनी या इस्राएली शास्त्रज्ञांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मेंदूतील विशिष्ट ग्राहींवर त्याची क्रिया होऊन वेदनेची जाणीव बदलते. या ग्राहींवर क्रिया करणारे शरीरातीलच एक द्रव्य १९९२ साली सापडले. 'आनंद' या संस्कृत शब्दावरून त्याचे नाव आनंदामाइड असे ठेवण्यात आले.

परंतु वेदना ही शरीराची सूचनाही असते. 'येथे दुखते' या शब्दांवरून चोळणारा हाताचा दाब ठरवितो. जाणीव बोथट झाल्यास दाब अधिक पडून इजा होण्याचा संभव असतो. शिवाय या द्रव्याने नाडी जलद होते, आणि पडून राहिलेला मनुष्य एकदम उठल्यास रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. प्यालेल्या भांगेचा मात्र अर्ध्या ते दोन तासांनी दिसतो व कित्येक तास टिकतो. परिणाम दिसत नाही म्हणून आणखी घेणारा फसतो. अशा स्थितीत भट्टीपाशी पाळीवर जाणे स्वतःच्या व सोबत्यांच्या जिवाशी खेळणे होय.

हे द्रव्य तेलात विरघळते. तथापि त्वचेचा बाह्य थर त्याला बराच अडवितो. म्हणून तेल चोळल्याने ते खोल स्नायूंपर्यंत पुरेसे पोहोचते, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानुसार गांजा व चरस जवळ बाळगणे हा गुन्हा आहे.

साधा शेक, विश्रांती व जाणत्या हाताचे मर्दन बहुधा पुरेसे असते. पायात मुंग्या वा अशक्तपणा असल्यास, अथवा एकच पोटरी सुजून गरम झाल्यास, चोळू नये. वैद्यकीय तपासणी त्वरित करून घ्यावी.