टांगलेला कोबी

कोकणात मृगाचा पाऊस एकदा धरला की परड्यात हिंडणाऱ्या कोंबड्यांना दिवसचे दिवस खुराड्यात काढावे लागतात. दाणापाणी वेळेवर मिळत असलं तरी श्रावण येईतो त्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात. आमच्याकडे गावठी आहेत, गिरिराज जातीच्याही आहेत. त्यांच्यासाठी भाजी टांगता टांगता जे कळत गेलं, ते इथे मांडते.

१. चोचीला काम हवं
पोट भरलं की कोंबडी स्वस्थ बसेल, असं आपल्याला वाटतं. पण मेरियन डॉकिन्स या ब्रिटिश संशोधिकेने रानकोंबड्यांच्या दिनक्रमाच्या नोंदी १९८९मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यांत आयतं खाणं मिळूनही हे पक्षी निम्म्याहून अधिक वेळ जमीन टोचत होते. आपल्या कोंबड्या त्याच वंशातल्या. टोचायला माती, पाला, किडे नसले की दुसरीची शेपटी समोर दिसते. टांगलेला कोबी चोच मारली की मागे सरतो, झुलून पुढे येतो, आणि पान काही सहजी सुटत नाही. त्याची खरी किंमत या झटापटीत आहे. तोच चिरून ताटलीत घातला तर बघता बघता संपतो, आणि उरलेला दिवस पुन्हा रिकामा.

२. मान ताणावी, उडी नको
गड्डा कोंबडीच्या डोक्याच्या जरासा वर असावा. गिरिराज अंगाने जड असतात, उड्या मारून आदळल्या तर पाय दुखावतात. तलंगांसाठी वेगळा, खाली बांधावा. गड्डा खालून खाल्ला जाईल तशी दोरी सैल करावी.

३. एकाच जागी टांगू नये
कोंबड्यांत मानाची उतरंड फार कडक. वरचढ कोंबडी गड्ड्यापाशी ठाण मांडते आणि सगळ्यात दुबळी कोपऱ्यात उभी राहते. म्हणून दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून लांब टांगावं. कोंबडा मात्र पान तोडून खाली टाकतो आणि विशिष्ट आवाज काढून माद्यांना बोलावतो. ते बघायला मला फार आवडतं.

४. दोरीकडे लक्ष
नायलॉनचा धागा कधीच वापरू नये. पायाला गुरफटतो, आणि सुटलेला तुकडा अळी समजून गिळला तर गळ्याखालच्या पिशवीत अडकतो. कोबीच्या दांड्यातून दाभणाने आरपार भोक पाडायचं, जाड सुंभ ओवायचा, खाली आडवी काटकी बांधायची. गड्डा संपला की सुंभ लगेच काढून घ्यायचा. रात्री तर काहीच लटकत ठेवू नये, उंदीर येतात.

५. काय टांगावं
पावसाळ्यात कोबीच बरा. काकडी आणि कलिंगडाची साल उन्हाळ्यासाठी ठेवावी. पावसात त्यांचं पाणी गळून खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं होतं, आणि ओल्या उबदार तुसात रक्ती हगवणीचा धोका वाढतो. कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीसाठी बऱ्याच फवारण्या होतात, म्हणून विकतच्या गड्ड्याची बाहेरची पानं काढून बाकीचा धुऊन घ्यावा.

पण माझं मन शेवग्यावर. डहाळीच उलटी टांगली की कोंबड्या एकेक पान खुडत बसतात. कोबीपेक्षा कितीतरी जास्त प्रथिनं त्यात आहेत, आणि बलकही छान पिवळाधमक होतो, कारण तो रंग कोंबडी स्वतः तयार करत नाही, हिरव्या पाल्यातून आणि मक्यातून घेते. मुळ्याचा पाला, पालकाची जुडी, लाल भोपळ्याची फोड हेही चालतं. हिरवा पडलेला बटाटा, अवाकाडो आणि कच्चा राजमा विषारी, ते नकोत. कांदाही मी देत नाही.

६. हे जेवण नव्हे
कोबीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य आणि त्यात सोळा-सतरा टक्के प्रथिनं लागतात. भाजीने पोट भरलं तर अंडी कमी होतात. म्हणून सकाळचं खाद्य खाऊन झाल्यावर, दुपारच्या कंटाळवाण्या वेळी टांगावं, एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. कोंडलेल्या कोंबड्यांना बारीक खडे मिळत नाहीत, आणि खड्यांशिवाय त्यांच्या पोटात पाला दळला जात नाही. तेव्हा ते वेगळे ठेवावेत, शेजारी तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुराही.

७. आधी ओळख
हलणाऱ्या नव्या वस्तूला कोंबड्या बिचकतात. पहिल्या दिवशी गड्डा जमिनीवरच ठेवावा, त्या टोचायला लागल्या की हळूहळू वर न्यावा.

८. पिसं तरीही जात असतील तर
दाटी, कडक उजेड, कमी पडणारी प्रथिनं, गोचीड-पिसवा, सगळं तपासावं, कारण यांतलं काहीही कोबीने भरून निघत नाही. शेपटीच्या मुळाशी रक्त दिसलं तर ती कोंबडी त्याच क्षणी वेगळी काढावी. लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात आणि जीवही जातो. जखम पूर्ण भरून नवी पिसं फुटली की संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसल्यावर, तिला परत आत सोडावी आणि सकाळी खाद्याबरोबरच खुराड्याच्या दोन्ही टोकांना शेवगा बांधून ठेवावा.