फिरतीचा लॅपटॉप आणि वॅट-तासाचे गणित

सर्वेक्षक, अभियंते, हिशेब तपासनीस यांना दिवसभर कचेरीबाहेर लॅपटॉपवर काम करावे लागते. तेथे विजेची सोय असतेच असे नाही. काम अर्धवट असताना यंत्र बंद पडले की सारी फेरी वाया! मग मोठ्या बॅटरीचे यंत्र घ्यावे, हे उत्तर बरोबर आहे काय?

लेनोवो कंपनीची २०२१ सालची दोन थिंकपॅड यंत्रे उदाहरणादाखल घेऊ. ‘एक्स-१ कार्बन’चे (नववी पिढी) वजन सुमारे १.१ किलोग्रॅम, बॅटरी ५७ वॅट-तासांची. ‘पी-१’चे (चौथी पिढी) वजन सुमारे १.८ किलोग्रॅम, बॅटरी ९० वॅट-तासांची.

१ वॅट शक्ती १ तास वापरली की १ वॅट-तास, म्हणजेच ३,६०० ज्यूल ऊर्जा खर्च होते. म्हणून,

चालण्याचा काळ (तास) = ऊर्जा (वॅट-तास) ÷ शक्ती (वॅट)

‘पी-१’चा पडदा मोठा आहे, प्रोसेसरही अधिक शक्तीचा आहे. समजा, नुसत्या लेखनासाठी पहिले यंत्र सरासरी ६ वॅट आणि दुसरे १२ वॅट घेते. पहिले ५७ ÷ ६ = ९.५ तास चालेल; दुसरे ९० ÷ १२ = ७.५ तास. म्हणजे बॅटरी मोठी असूनही ते आधी थांबेल!

आता काम बदला. धरणाच्या आराखड्याची अवजड आकडेमोड करायची आहे. समजा, हलके यंत्र २० वॅट घेऊन ती ४ तासांत करते. लागणारी ऊर्जा २० × ४ = ८० वॅट-तास; बॅटरीत आहेत ५७. काम अपुरे राहील. जड यंत्र ६० वॅट घेते, पण १ तासात काम संपवते. खर्च ६० वॅट-तास. वर ३० शिल्लक.

तेव्हा निवड करताना आधी काम पाहावे, मग ऊर्जा आणि शक्ती या दोहोंचा भागाकार करावा. शिवाय १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येते, हेही फिरतीवरच्या माणसाने ध्यानात ठेवावे.

करून पाहा : मोबाइलच्या बॅटरीवर ५,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.८५ व्होल्ट असे लिहिले आहे. तिच्यात किती वॅट-तास ऊर्जा मावते? (उत्तर : ५ × ३.८५ = १९.२५)