जुन्या मोटारसायकलीच्या कार्बोरेटरचे सुटे भाग कसे ओळखावे

नांदेड-लातूरकडील पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं वीस-पंचवीस वर्षांची मोटारसायकल अद्याप कामांत आहे. दूध डेअरीवर पोंचविणें, मळ्यांत खताचें पोतें नेणें, तालुक्याच्या खेपा घालणें हीं कामें तिच्यावरच होतात. सन 2020 च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांत बहुतेक कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलें. त्यामुळें जुन्या गाडीचा अस्सल भाग मिळणें कठीण होत चाललें असून, दुकानदार "बसेल" म्हणून जें हातीं ठेवतो तें घेऊन येण्याचा प्रघात वाढला आहे. परंतु भाग बसणें निराळें आणि तो योग्य असणें निराळें.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराच्या आर. एक्स. 100 गाडीचा मेन जेट साफ करतांना हरवला. मिस्त्रीनें दुसऱ्याच गाडीचा जेट, आंटे जुळले एवढ्यावरून, बसविला. त्याचें भोंक लहान होतें. गाडी सुरू झाली, गांवांतल्या गांवांत चाललीही; पण लोह्याच्या रस्त्यावर वेग धरतांच इंजिन तापून पिस्टन जाम झाला. जेट थोडक्या पैशांचा. सिलिंडर घासून नवा पिस्टन घालण्याचा खर्च मात्र एका क्विंटल सोयाबीनलाही झेपेना. भोंक मोठें असतें तर इंजिन वांचलें असतें, पण पेट्रोल फुकट जाऊन प्लग काजळला असता.

जेटवर अंक कोरलेला असतो. तेवढ्यावर विसंबूं नये. आम्ही महसूल खात्यांत आयुष्य काढलें. नुसता गट नंबर सांगून जमीन सांपडत नाहीं, गांवाचें नांव लागतें, हें वाचकांस सांगावयास नको. येथेंही तोच न्याय आहे. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरील अंक त्यांतून किती पेट्रोल वाहतें हें दर्शवितो, तर केहिनच्या जेटवरील अंक भोंकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत दाखवितो. म्हणून एकाचा 110 व दुसऱ्याचा 110 हे एकच समजूं नयेत.

सबब प्रथम कार्बोरेटरचें अंग रॉकेल व मऊ ब्रशानें स्वच्छ करून त्यावरील कारखान्याचें नांव व खूण वहींत उतरून घ्यावी. जुन्या बुलेट 350 वर मिककार्ब व्ही. एम. 24 दिसेल, आर. एक्स. 100 वर व्ही. एम. 20; यांतील अंक तोंडाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. गाडीचें वर्ष आर. सी. बुकांतील नोंदणीवरून धरूं नये. गाडी कारखान्यांतून निघून पुढल्या सालीं नोंदली गेलेली असूं शकते. चासी नंबर सोबत न्यावा.

कंपनीच्या पाकिटावरील क्रमांकही वाचतां येतो. होंडाच्या, म्हणून हिरो होंडाच्याही, पद्धतींत पहिले पांच आंकडे भाग कोणता तें सांगतात; 16100 म्हणजे अख्खा कार्बोरेटर. त्यापुढील तीन अक्षरें वा आंकडे तो कोणत्या गाडीसाठीं घडविला तें सांगतात. यामाहाचा क्रम उलटा, आधीं गाडी, मग भाग. दुकानदारानें पाकीट फोडण्यापूर्वी मधला हिस्सा पाहिल्यास निम्मा घोटाळा तेथेंच मिटतो.

नीडल व ती ज्यांत खालींवर होते तो नीडल जेट हे जोडीनें झिजतात. बदलावयाचे तर दोन्ही बदलावे. नीडलवरील क्लिप कितव्या खांचेंत होती तें खोलण्यापूर्वीच टिपावें. फ्लोटच्या नीडल व्हॉल्वचें भोंकही मापाचें असतें, तें चुकल्यास पेट्रोल ओसंडतें. तुंबलेला जेट तारेनें कोरण्याची खोड मात्र सर्वांत वाईट. पितळ मऊ असल्यानें भोंक वाढतें, आणि वरचा अंक खोटा ठरतो. पेट्रोलांत भिजवून हवेनें फुंकावा.

रबराच्या ओ-रिंगा व गॅस्केट घेतांना इथेनॉलास टिकणारे मागावे. सन 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचें पेट्रोल विकलें जाऊं लागलें; ऊस आपला, इथेनॉलही आपल्याच ऊसाचें, पण जुनें रबर त्यानें फुगतें. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर खालची वाटी रिकामी करून ठेवावी, कारण इथेनॉल हवेंतील ओल ओढतें.

भाग बसविल्यावर पांच-सात मैल नेहमींच्या वेगानें गाडी चालवून, इंजिन बंद करून थंड झाल्यावर प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग असल्यास जेट ठीक. पांढरा फटफटीत दिसल्यास गाडी पुढें न दामटतां कोठून हवा शिरत नाहीं ना तें पाहावें, व तसें नसल्यास एक अंक मोठा जेट घ्यावा. कोरडी काळी काजळी असल्यास आधीं चोक पुरता उघडतो कीं नाहीं व एअर फिल्टर चोंदला आहे काय तें तपासावें, मगच लहान जेट मागावा.