हैदराबादच्या सर्व्हरवरचा पोस्टग्रेस घरून जोडला जात नाही? या क्रमाने तपासा

तुम्ही अमीरपेटच्या क्लासमध्ये पोस्टग्रेस शिकत असाल किंवा गच्चीबावलीत नोकरीला असाल, ही अडचण एकदा तरी येतेच. अॅमेझॉनच्या हैदराबाद रीजनमध्ये उबुंटूचं मशीन घेतलं, त्यावर पोस्टग्रेस चढवला, तिथे सगळं छान चालतंय. पण स्वतःच्या लॅपटॉपवरून जोडायला गेलात की काही होत नाही. घाबरू नका. चला, लॅपटॉप उघडा, आपण बाहेरून आत एकेक दार तपासत जाऊ.

हाताशी ठेवा: लॅपटॉप, अॅमेझॉन कन्सोलचं लॉगिन, मशीन घेताना उतरवलेली की-फाइल, हॉटस्पॉट देणारा मोबाइल आणि एक वही. आदेश आणि फाइलींची नावं इथे मराठीत लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरा. सर्व्हर कंपनीचा असेल, तर पायरी ७ पासून पुढे डीबीएंना विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

१. एरर शब्दशः वहीत उतरवा. ‘कनेक्ट होत नाही’ एवढं पुरेसं नाही. ‘टाइम्ड आउट’ असेल, तर तुमची हाक मशीनपर्यंत पोचलेली नाही किंवा वाटेत कुणीतरी गुपचूप गिळली. ‘रिफ्यूज्ड’ असेल, तर बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी नाही. ‘नो पीजी-एचबीए एंट्री’ म्हणजे पोस्टग्रेसपर्यंत गेलात, पण आत घ्यायच्यांच्या यादीत तुम्ही नाही. आणि ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ दिसलं, तर फक्त शेवटचं दार उरलंय. पुढे काम करताना एरर बदलली की खूश व्हा, एक दार उघडलं! जपा: एका वेळी एकच बदल करा आणि लगेच जोडून बघा. दोन बदल एकदम केलेत, तर कशाने जमलं ते कधीच कळणार नाही.

२. कन्सोलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात रीजन पाहा. तिथे हैदराबाद, म्हणजे एपी-साउथ-२ हवं. मुंबईचं एपी-साउथ-१ निवडलेलं असेल, तर तुमचं मशीन यादीत दिसणारच नाही. जपा: यादी रिकामी दिसली म्हणून घाईने नवं मशीन घेऊ नका, दोन्हींचं बिल येईल. हैदराबाद रीजन नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालं आणि ते खात्यात आपण होऊन चालू करावं लागतं. नाव यादीत निवडता येत नसेल, तर तुम्ही भलत्याच खात्यात आहात का ते बघा.

३. मशीनसमोर ‘रनिंग’ लिहिलंय का ते पाहा. ‘स्टॉप्ड’ असेल तर सुरू करा आणि स्टेटस चेक पूर्ण होईपर्यंत थांबा.

४. मशीनचा पब्लिक आयपी पत्ता लॅपटॉपवर भरलेल्या पत्त्याशी अंक न् अंक ताडून पाहा. मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं की हा पत्ता बदलतो. नुसतं रिबूट केलं तर बदलत नाही. कालपर्यंत चालत होतं आणि आज नाही, याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं. कायमचा पत्ता हवा असेल तर इलॅस्टिक आयपी घ्यावा लागतो. जपा: १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता अॅमेझॉनच्या आतल्या नेटवर्कचा आहे, तो घरून चालणार नाही. पब्लिक पत्त्याची जागा रिकामीच असेल, तर आधी तो पत्ता मिळवा.

५. लॅपटॉपवरून पोस्टग्रेसचं ५४३२ हे पोर्ट चाचपून पाहा. विंडोजवर पॉवरशेल उघडा, ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ लिहा, पुढे पत्ता, मग ‘-पोर्ट ५४३२’. शेवटच्या ओळीत ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’समोर ‘ट्रू’ आलं, तर बाहेरची वाट मोकळी आहे. थेट पायरी ८ ला जा. मॅक किंवा लिनक्सवर ‘एनसी -व्हीझेड’, मग पत्ता, मग पोर्ट. जपा: पिंगवर भरवसा ठेवू नका. सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे अॅमेझॉनच्या मशीनबाहेरच्या फायरवॉलमध्ये, पिंगला वेगळी परवानगी लागते, म्हणून पिंग फसूनही डेटाबेस व्यवस्थित जोडला जाऊ शकतो.

६. ‘टाइम्ड आउट’ आलं असेल, तर तीच चाचणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एसएसएचच्या पोर्ट २२ वर करा. हॉटस्पॉटवर २२ लागला आणि ऑफिसच्या वायफायवर लागला नाही, तर अडथळा ऑफिसकडे आहे. बाहेर जाणारी अशी पोर्टं बंद ठेवणारी ऑफिसं आणि हॉस्टेलं पुष्कळ आहेत. तिथल्या नेटवर्कवाल्यांना रीतसर विनंती करा, चोरवाटा शोधू नका. दोन्हीकडे लागला किंवा कुठेच लागला नाही, तर पुढच्या पायरीत उत्तर आहे.

७. सिक्युरिटी ग्रुपच्या इनबाउंड नियमांत ५४३२ साठी एक नियम जोडा. प्रकार ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ निवडा, म्हणजे पोर्ट आपोआप भरलं जाईल. सोर्समध्ये ‘माय आयपी’ निवडा. २२ चा नियमही तिथेच पाहा, कारण त्यात तुमचा जुना आयपी अडकलेला असू शकतो. हैदराबादहून सुटीला नांदेडला गेलात, काचीगुड्याची खोली सोडून माधापूरला राहायला गेलात किंवा नुसता राउटर बंद करून चालू केलात, तरी तुमचा आयपी बदलू शकतो आणि कालचा नियम आज तुम्हालाच अडवतो. हॉटस्पॉटचा पत्ता तर अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यासाठी नियम केला असेल, तर तो चाचणीपुरताच ठेवा आणि लगेच पुसा. जपा, आणि इथे मनापासून सांगते: सोर्समध्ये ०.०.०.०/० कधीही भरू नका. तसं केल्यावर कनेक्शन लागतं म्हणून मोह होतो. पण त्याच क्षणी तुमचा डेटाबेस साऱ्या जगाला उघडा होतो, आणि उघडी पोर्टं शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. नियम जतन केला की पायरी ५ पुन्हा करा.

८. एसएसएचने मशीनवर लॉगिन करा. युजरचं नाव ‘उबुंटू’. जपा: मॅक किंवा लिनक्सवर की-फाइल ‘अनप्रोटेक्टेड’ असल्याची तक्रार आली, तर तिची परवानगी ‘सीएचमॉड ४००’ने आवळा.

९. ‘पीजी-एलएसक्लस्टर्स’ हा आदेश द्या. ओळीत ‘ऑनलाइन’ दिसायला हवं. पोर्टचा रकानाही वाचा: मशीनवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या असतील, तर दुसरी बहुधा ५४३३ वर बसलेली असते आणि तुम्ही ५४३२ वर दार वाजवत बसता. ‘डाउन’ असेल तर सेवा सुरू करा. तरी उठली नाही तर त्याच ओळीत लिहिलेली लॉग-फाइल उघडून शेवटच्या ओळी वाचा. जपा: ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’मध्ये ‘अॅक्टिव्ह (एक्झिटेड)’ दिसलं म्हणून दचकू नका. उबुंटूवर ती वरवरची सेवा असते आणि ती तशीच दिसते. खरी स्थिती पीजी-एलएसक्लस्टर्सच सांगतो.

१०. पोस्टग्रेस कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते पाहा. ‘सुडो एसएस -एलटीएनपी’ लिहा आणि ५४३२ ची ओळ शोधा. १२७.०.०.१:५४३२ दिसलं, तर चोर सापडला: पोस्टग्रेस फक्त घरातल्या घरात ऐकतोय, बाहेरच्या कुणाचंही नाही. ०.०.०.०:५४३२ असेल, तर पायरी १३ ला जा.

११. पोस्टग्रेएसक्यूएल-डॉट-कॉन्फ फाइलमधली ‘लिसन-अॅड्रेसेस’ची ओळ बदला. फाइल ईटीसी फोल्डरमध्ये, पोस्टग्रेएसक्यूएलच्या आत, आवृत्तीच्या आकड्याखाली ‘मेन’मध्ये आहे. ‘लोकलहोस्ट’च्या जागी * लिहा, भोवतीची अवतरणं तशीच राहू द्या. जपा: ओळीच्या सुरुवातीचं # काढायला विसरू नका. ते राहिलं तर ओळ वाचलीच जात नाही, आणि तुम्ही तासभर भलतंच शोधत बसाल.

१२. पोस्टग्रेस रिस्टार्ट करा. या ओळीला रीलोड पुरत नाही, रिस्टार्टच लागतो. जपा: रिस्टार्टने सगळ्यांची चालू कामं तुटतात; इतर लोक वापरत असतील तर आधी कळवा. मग पायरी १० पुन्हा करून ०.०.०.०:५४३२ दिसतंय याची खात्री करा.

१३. मशीनची स्वतःची फायरवॉल पाहा: ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’. ‘इनअॅक्टिव्ह’ असेल तर पुढे चला. ‘अॅक्टिव्ह’ असेल तर तुमच्या आयपीसाठी ५४३२ ला परवानगी द्या. जपा: फायरवॉल नव्याने चालू करायचीच असेल, तर आधी २२ ला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.

१४. पीजी-एचबीए-डॉट-कॉन्फमध्ये तुमच्यासाठी एक ओळ घाला. ती त्याच ‘मेन’ फोल्डरमध्ये आहे. ओळीत पाच गोष्टी याच क्रमाने हव्यात: ‘होस्टएसएसएल’, डेटाबेसचं नाव, युजरचं नाव, तुमचा आयपी पत्ता आणि त्याला चिकटून /३२, शेवटी पासवर्ड तपासायची पद्धत ‘स्क्रॅम-शा-२५६’. जपा: पोस्टग्रेस ही फाइल वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिली ओळ मिळाली की थांबतो. वर एखादी ‘रिजेक्ट’ ओळ जुळत असेल, तर तुमची खालची ओळ वाया गेली. आणि शेवटी ‘ट्रस्ट’ लिहून सुटका करून घेऊ नका. त्याने पासवर्डच विचारला जात नाही.

१५. पोस्टग्रेस रीलोड करा. या फाइलला रिस्टार्टची गरज नाही. जपा: ओळीत चूक असेल तर पोस्टग्रेस काही न बोलता जुनेच नियम चालू ठेवतो आणि तक्रार फक्त लॉगमध्ये लिहितो. म्हणून रीलोडनंतर लॉगवर नजर टाका.

१६. आता लॅपटॉपवरून जोडा, एसएसएल-मोड ‘रिक्वायर’ ठेवून. एररमध्ये ‘नो एन्क्रिप्शन’ किंवा ‘एसएसएल ऑफ’ असे शब्द आले, तर हीच सेटिंग राहून गेलीय. पासवर्ड नाकारला गेला, तर तो नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी वाचा. कनेक्शनचा पत्ता एकाच लांब ओळीत देत असाल आणि पासवर्डमध्ये @ असेल, तर त्याजागी %४० लिहावं लागतं. नाहीतर @ नंतरचं सगळं सर्व्हरचं नाव समजलं जातं. ‘ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड’ आलं, तर पासवर्ड बरोबर आहे की नाही हा प्रश्नच नाही: तुमचा ड्रायव्हर जुना आहे, त्याला स्क्रॅम येत नाही. ड्रायव्हर अद्ययावत करा. जपा: त्याच्यासाठी सर्व्हरची सुरक्षा खाली आणू नका. ‘टू मेनी क्लायंट्स’ आलं, तर शंभर कनेक्शनांची मूळ मर्यादा भरलीय. आधी तुमचीच उघडी राहिलेली सत्रं बंद करा.

१७. जोडलं गेलं? शाब्बास! आता हेच काम एसएसएच टनेलमधून, म्हणजे २२ च्याच वाटेने, करून पाहा. डीबीव्हर आणि पीजी-अॅडमिन दोन्हीत एसएसएच टनेलचा वेगळा टॅब आहे: तिथे मशीनचा पत्ता, ‘उबुंटू’ हे नाव आणि की-फाइल द्या, मुख्य टॅबमध्ये होस्ट ‘लोकलहोस्ट’ आणि पोर्ट ५४३२ लिहा. जपा: मुख्य टॅबमध्ये मशीनचा पब्लिक पत्ता राहिला, तर टनेल असूनही घोटाळा होतो.

१८. टनेल चाललं की सिक्युरिटी ग्रुपमधला ५४३२ चा नियम काढून टाका, ‘लिसन-अॅड्रेसेस’ पुन्हा ‘लोकलहोस्ट’ करा आणि एकदा रिस्टार्ट द्या. यापुढे आयपी बदलला, तर फक्त २२ चा एक नियम बदलायचा.