श्रवणयंत्र आणि मोबाइल फोन

टेलिफोनचा शोध लावणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल हा कर्णबधिरांचा शिक्षक होता. त्याच्या आईला ऐकू येत नसे, आणि पत्नी मेबेल हिची श्रवणशक्ती बालपणीच्या आजारात गेलेली होती. १८७६ मध्ये बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले. परंतु ज्यांच्या सहवासात हे संशोधन घडले, त्यांनाच ते यंत्र दीर्घकाळ निरुपयोगी राहिले. मोबाइल फोनच्या बाबतीतही प्रारंभी काहीसे असेच झाले.

भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली या शहरांदरम्यान झाले. पुढे हे साधन घरोघर पोचले. पण श्रवणयंत्र वापरणाऱ्या अनेकांना फोन कानाशी नेताच शब्दांऐवजी कर्कश गुणगुण ऐकू येऊ लागली. अशा वेळी मनुष्य बहुधा आपल्या कानालाच दोष देतो. मग तो श्रवणयंत्र काढून फोनचा आवाज कमाल वाढवतो, किंवा फोन घेण्याचेच सोडून देतो. पहिल्या उपायाने संभाषण अर्धवटच कळते. दुसऱ्याने अडीअडचणीला मदत मागण्याचे साधन हातचे जाते. वस्तुतः दोष कानाचा नसतो, आणि गुणगुणीचे कारण समजले तर ती पुष्कळ अंशी टाळताही येते.

गुणगुण कशी निर्माण होते?

श्रवणयंत्र हे मूलतः एक छोटेसे ध्वनिवर्धक यंत्रच होय. त्यातील मायक्रोफोन ध्वनीचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करतो, वर्धक ते संकेत प्रबळ करतो आणि रिसीव्हर त्यांना पुन्हा ध्वनिरूप देतो. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे जीएसएम पद्धतीच्या, फोनमध्ये एकाच वाहक लहरीवर आठ संभाषणे आळीपाळीने पाठवली जातात. त्यामुळे प्रत्येक फोनचा प्रक्षेपक सेकंदाला सुमारे २१७ वेळा सुरू होतो आणि थांबतो. श्रवणयंत्रातील बारीक तारा हे स्पंद ग्रहण करतात, आणि वर्धकात त्यांची श्राव्य गुणगुण बनते. नंतरच्या पिढ्यांच्या फोनमध्ये हा त्रास बराच कमी झाला आहे. मात्र जुन्या जाळ्यावरून बोलताना तो जाणवतो.

ही गुणगुण मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे अंतर. फोन किंचित दूर नेला तरी त्याच्या क्षेत्राची तीव्रता झपाट्याने घटते. दुसरी म्हणजे संकेताची स्थिती. तळघरात, लिफ्टमध्ये किंवा मनोऱ्यापासून दूर असताना संकेत क्षीण होतो. तेव्हा संपर्क टिकवण्यासाठी फोन आपली शक्ती वाढवतो आणि गुणगुणही वाढते. म्हणून अशा वेळी खिडकीजवळ किंवा उघड्यावर येऊन बोलावे.

‘टी’ची योजना

पुष्कळ श्रवणयंत्रांत ‘टी’ अक्षराने दर्शवलेली एक सोय असते. तांब्याच्या तारेचे सूक्ष्म वेटोळे फोनच्या रिसीव्हरभोवतीचे चुंबकीय क्षेत्र थेट ग्रहण करते. मायक्रोफोन बंद असल्याने आसपासचा गोंगाट येत नाही आणि शिटीही वाजत नाही. अर्थात फोननेही पुरेसे चुंबकीय क्षेत्र निर्माण केले पाहिजे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यातून मोबाइल फोनना दिलेली सूट २००३ मध्ये काढून घेण्यात आली. त्यानंतर तेथील फोनवर ‘एम३’, ‘टी४’ अशा खुणा आल्या. ‘एम’ मायक्रोफोनसाठी, ‘टी’ वेटोळ्यासाठी. अंक जितका मोठा, तितका फोन अनुकूल. तथापि खरेदीपूर्वी स्वतःचे श्रवणयंत्र लावून दुकानातच प्रत्यक्ष बोलून पाहावे, हीच सर्वोत्तम परीक्षा होय.

फोन कसा धरावा?

कानामागील श्रवणयंत्राचा मायक्रोफोन कानाच्या वरच्या कडेजवळ असतो. म्हणून फोनचा ऐकण्याचा भाग कानाच्या छिद्रावर न दाबता थोडा वर धरावा आणि किंचित तिरपा ठेवावा. शिटी वाजू लागल्यास मधले अंतर थोडे वाढवावे. फोनचा ध्वनिक्षेपक सुरू करून तो टेबलावर ठेवणे हा उपाय सर्वांत सोपा आहे. ब्लूटूथने जोडली जाणारी श्रवणयंत्रेही आता मिळतात. त्यांत फोन कानापासून दूर ठेवून बोलता येते.

याच सवयी आणखी एका दृष्टीने हितावह आहेत. रेडिओ लहरींचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये ‘कदाचित कर्करोगकारक’ असे केले. याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, सिद्ध झालेला नाही. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून शरीरात शोषल्या जाणाऱ्या या ऊर्जेची मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीने दर किलोग्रॅमला १.६ वॅट अशी आहे. फोनवर *#०७# हे अंक दाबल्यास त्या फोनचे मूल्य बहुधा दिसते. अंतर राखले आणि चांगल्या संकेतात बोलले, तर गुणगुण आणि शोषण दोन्ही घटतात. छातीत पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने मात्र फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. तो खिशात छातीशी बाळगू नये.

शेवटी एक सावधगिरी. ‘टी’ सुरू असताना मायक्रोफोन बंद असतो, आणि ब्लूटूथवरून बोलताना काही यंत्रांत तो मंद होतो. अशा स्थितीत मागून येणाऱ्या मोटारीचा किंवा आगगाडीचा आवाज कानी पडत नाही. म्हणून रस्ता किंवा रेल्वेमार्ग ओलांडताना बोलणे थांबवावे, आणि संभाषण संपताच श्रवणयंत्र पूर्वस्थितीत आणण्यास विसरू नये.