विजेची वाट

मुलांनो, परवाना घेऊन घरातून दूरदेशींच्या लोकांशी बोलणाऱ्या हौशी रेडिओचालकाच्या छपरावर उंच एरियल असते. त्याची तार घरात येते. आभाळातील वीजही याच तारेने घरात शिरू शकते.

१७५३ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान नावाच्या शास्त्रज्ञांनी मेघांतील विद्युत् मोजण्यासाठी छपरावरील लोखंडी सळईची तार घरात आणली होती. परंतु ती जमिनीला जोडलेली नव्हती. वादळात ते यंत्राजवळ उभे असता सळईतून निळसर अग्निगोल निघाला, कपाळावर आदळला आणि ते तत्काळ गतप्राण झाले.

म्हणून एरियलच्या खांबापासून जाड तांब्याची तार शक्य तितकी सरळ नेऊन जमिनीत खोल ठोकलेल्या सळईला जोडतात. घराची अर्थिंगही तिलाच जोडावी लागते. दोन्ही अलग राहिल्यास वीज यंत्रातून एकीकडून दुसरीकडे धावते. हे काम जाणत्या कारागिराचेच होय. शिवाय, आभाळ भरून येण्यापूर्वीच एरियलची तार यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. गडगडाट कानी आल्यावर मात्र तिला हात लावू नये.

वीज कोणाला अडविता येत नाही. तिची वाट तेवढी आधी आखून ठेवता येते.