रस्त्यावरची छत्तीस चित्रे
— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष (कला)

‘रस्त्यावरचे छायाचित्रण’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे अजून पुरता रुळलेला नाही. लग्नातले फोटो, ओळखपत्राचे फोटो, सहलीचे फोटो आपण जाणतो. पण ना ओळख, ना ठरवाठरवी, अशा रस्त्याने चाललेल्या माणसाचे चित्र का काढावे आणि त्यात कला ती कोणती, हा प्रश्न मला घरीही विचारण्यात आला आणि वर्गातही. गेले वर्षभर एक जुना, फिल्मचा कॅमेरा गळ्यात अडकवून मी कोल्हापूरच्या रस्त्यांवर हिंडलो. ७ रोल संपवले, म्हणजे २५२ चित्रे. त्यांपैकी धड म्हणता येतील अशी १९ निघाली. तेव्हा यशापेक्षा अपयशाचाच माझा अभ्यास अधिक झाला आहे, आणि तोच येथे मांडावयाचा आहे.

थोडा इतिहास

माणूस दिसतो असे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र म्हणून सहसा ज्याचा उल्लेख होतो, ते रस्त्याचेच आहे. १८३८ साली लुई दाग्येर याने पॅरिसमधील ‘बुलव्हार द्यू ताँप्ल’ या रस्त्याचे चित्र उंचावरच्या खिडकीतून टिपले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटावयास त्या वेळी काही मिनिटे लागत. रस्ता गजबजलेला होता. पण चालणारी माणसे व धावणाऱ्या गाड्या पत्र्यावर ठरल्याच नाहीत. साऱ्या रस्त्यात उमटला तो एका कोपऱ्यात बुटाला पॉलिश करवून घेण्यासाठी उभा राहिलेला एक गृहस्थ. त्याच्या पायाशी बसून हात चालवणारा पॉलिशवाला मात्र धूसर, ओळखू येईल न येईल असा आहे. दोघांचीही नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

पुढे फिल्म अधिक संवेदनक्षम झाली, भिंगे सुधारली. ऑस्कर बार्नाक याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा तयार केला आणि १९२५ साली लायप्झिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला. कॅमेरा तिकाटण्यावरून उतरून हातात आला आणि छायाचित्रकार रस्त्यावर आला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा या पंथाचा अध्वर्यू. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग तो काळ्या पट्टीने झाकून टाकी, म्हणजे लोकांचे लक्ष जाऊ नये. १९५२ साली निघालेले त्याचे पुस्तक इंग्रजीत ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. मूळ फ्रेंच नाव मात्र निराळे आहे. त्यातील ‘आ ला सोव्हेत’ हे शब्द फ्रेंच भाषेत परवान्याशिवाय रस्त्यावर माल मांडणाऱ्या आणि चाहूल लागताच गाशा गुंडाळून पळणाऱ्या विक्रेत्यांसाठी वापरतात. थोडक्यात, ‘घाईघाईत उरकलेल्या प्रतिमा’. हे वाचले तेव्हा मला एकदम आमची आई आठवली. त्याचे कारण पुढे येईल.

यंत्राची ओळख

माझा कॅमेरा जपानी बनावटीचा, साधारण पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. स्टुडिओ बंद केलेल्या एका काकांकडून तो १,२०० रुपयांना मिळाला. रोल धुण्याचा डबाही त्यांनी वापरावयास दिला. यात तीन गोष्टी आपल्या हाती असतात. पहिली, भिंगामागचे छिद्र किती उघडावयाचे. दुसरी, पडदा किती वेळ उघडा ठेवावयाचा. आणि तिसरी, किती अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसावी.

लख्ख उन्हासाठी एक जुना नियम आहे. छिद्राचा आकडा १६ ठेवावा आणि फिल्मची जी संवेदनक्षमता असेल, सेकंदाचा तितकावा भाग पडदा उघडावा. फिल्म १०० ची असेल तर सुमारे १/१२५ सेकंद. छिद्र एक घर मोठे करून ११ वर आणले, तर वेळ निम्मी, १/२५० सेकंद. अंतराची चकती १० फुटांवर ठेवून छिद्र ११ वर असले की माझ्या ४० मिलिमीटरच्या भिंगातून साधारण ६ फुटांपासून २५ फुटांपर्यंतचे सारे स्पष्ट येते. मग प्रत्येक वेळी चकती फिरवत बसावे लागत नाही.

आता खर्चाचे. एकेकाळी उटीच्या ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ नावाची फिल्म तयार होत असे. तो कारखाना आता बंद आहे. बाहेरदेशची फिल्म आणि रसायने धरून मला एक रोल सुमारे ९०० रुपयांना पडतो. म्हणजे एकदा बटण दाबले की २५ रुपये गेले. मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो काढणाऱ्या आमच्या पिढीला हा हिशेब चांगलाच शिस्त लावतो.

फजितीचे प्रकार

पहिला रोल मी रंकाळ्यावर काढला. आकडा ३६ वर आला, ३८ झाला, ४० झाला, तरी रोल संपेना. मला वाटले, दुकानदाराने जास्त दिली. धुतल्यावर स्वच्छ, पारदर्शक पट्टी हातात आली; कडेला फक्त छापील आकडे. फिल्मचे टोक आतल्या दांड्यात अडकलेच नव्हते. उपाय सोपा आहे. फिल्म पुढे सरकवताना डाव्या बाजूची उलट गुंडाळण्याची चकती फिरते का पाहावे. ती फिरली तरच फिल्म सरकली.

दुसरी फजिती झाकणाची. या जातीच्या कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळे असते. त्यामुळे भिंगावर झाकण असले तरी डोळ्याला सारे नीट दिसत राहते. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा चालू असताना मी दोन तास झाकणासकट चित्रे काढली.

तिसरी फजिती घटाची. जुन्या कॅमेऱ्यातील प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या घटावर चालत. पारा विषारी म्हणून ते घट बाजारातून गेले. आज मिळणारा घट १.५ व्होल्टचा असतो. मापकाला वाटते, प्रकाश अधिक आहे. आणि चित्रे अंधारी येतात. महाद्वार रोडवरचा माझा सारा रोल असा गेला. तेव्हापासून घट काढून टाकला आहे. ऊन, ढग, सावली यांचा अंदाज डोळ्यांनी घेतो. चुकतो, पण मापकापेक्षा कमी.

बिंदू चौकात रोल गुंडाळण्यापूर्वीच मागचे दार उघडले, त्यात शेवटची चित्रे जळाली. वेटोळ्याच्या आतली सुरुवातीची वाचली. चैत्रात डेव्हलपर २० अंशांवर आणण्यासाठी बर्फ थेट त्यातच टाकला आणि ते पातळ झाले. बर्फ डब्याबाहेरच्या पाण्यात टाकावयाचा असतो.

असे प्रकार थोरांच्या बाबतीतही सांगितले जातात. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रॉबर्ट कापा याने युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत चित्रे घेतली. त्यांपैकी दहा-अकराच उरली. लंडनच्या अंधारखोलीतील एका पोऱ्याने फिल्म वाळवताना जास्त उष्णता दिल्याने बाकीची वितळली, असे कित्येक वर्षे सांगितले गेले. अलीकडच्या संशोधकांनी या कथेवर गंभीर शंका घेतली आहे. कापाने मुळातच थोडी चित्रे घेतली असावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. खरे काहीही असो, दोष मात्र इतकी वर्षे त्या पोऱ्याच्या माथी राहिला.

विचारावे की न विचारावे?

मार्केट यार्डातल्या त्या दोन तासांत आणखी एक गोष्ट घडली. पाठीवर पोते घेतलेल्या एका हमालाच्या समोर जाऊन मी बटण दाबले. त्यांनी पोते खाली ठेवले आणि म्हणाले, “इचारलंस का रं मला? आता गरिबाचा फोटू म्हणून पेपरात टाकणार व्हय?” मला उत्तर सुचेना. रोल धुतल्यावर सारा कोरा निघाला, तेव्हा ९०० रुपयांचे वाईट वाटले. पण ते एक चित्र नाही याचे मनातून बरेच वाटले.

घरी हे सांगितले तेव्हा आई हसली नाही. आमची आई कपिलतीर्थ मंडईच्या कडेला पोते अंथरून पालेभाजी विकते. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले लोक तिचे फोटो काढतात. हिरवी भाजी, लाल लुगडे. चित्र चांगले येत असणार. आई म्हणाली, “फोटू काढत्यात, मेथीची पेंडी घेत न्हाईत. मी पदर फुडं वढून घेती.” ‘गाडी आली’ अशी हाक आली की हीच आई दोन मिनिटांत सारी भाजी पोत्यात भरून गल्लीत शिरते. फ्रेंच पुस्तकाच्या नावातले ते शब्द नेमके तिच्याबद्दलचे आहेत. घाई विक्रेत्याची होती. छायाचित्रकाराने ती आपल्या कलेला नाव म्हणून घेतली.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आधी विचारले की माणूस सावरून बसतो, केस नीट करतो, चेहरा ओळखपत्रासारखा करतो. मग रस्त्यावरचे सहज जीवन कोठून सापडणार? कार्तिए-ब्रेसाँ प्रत्येकाला विचारत बसला असता, तर त्याची निम्मी चित्रे झालीच नसती. हा मुद्दा खोटा नाही. मी वर्षभर त्याच्याशी झगडलो आणि मला अर्धेमुर्धेच उत्तर सापडले. ते मला फिल्मने दिले.

मोबाइलवर फोटो काढला की तो तिथल्या तिथे दाखवता येतो आणि चालू पडता येते. फिल्मचे तसे नाही. माणूस म्हणतो, “दाव बघू”, आणि दाखवावयास आपल्याजवळ काही नसते. “धुवून आणतो” असे सांगावे लागते, आणि सांगितले की दुसऱ्यांदा जावे लागते. चित्र बिघडले तर तेही तोंडाने सांगावे लागते. रंकाळ्यावरच्या भेळवाल्या काकांना मी रोल कोरा निघाल्याचे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मग काढ की पुन्यांदा.” तिसऱ्या वेळी त्यांनी माझे नाव विचारले. आधी विचारा अथवा नंतर, पण परत जा, एवढा नियम मी आता स्वतःसाठी केला आहे.

एक बिघडलेले चित्र

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून तिथेच धार काढून ताजे दूध देतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या कट्ट्याजवळ एक मामा चपला दुरुस्त करतात. एके दिवशी मी त्यांना म्हटले, “मामा, तुमचा एक फोटो काढू का?” ते म्हणाले, “काढ की. पर काम थांबणार न्हाई.” उजेड उतरला होता, म्हणून कॅमेरा दगडी पायरीवर टेकवून पडद्याचा वेग १/४ सेकंद ठेवला. बटण दाबले, पडदा उघडला आणि मिटेचना. पन्नास वर्षांचे वंगण घट्ट झाले होते. चार-पाच सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज आला. पंचवीस रुपये गेले असे समजून मी घरी आलो.

धुतल्यावर पाहिले तर दूध प्यावयास आलेली गर्दी कोठेच नव्हती. म्हशींच्या जागी काळपट डाग होते. समोर उभे असलेले गिऱ्हाईकही गेले होते. फक्त त्याची एक चप्पल मामांच्या मांडीवर होती. आरी धरलेला हात विरघळला होता. पण वाकलेली मान, खांदे, शेजारची रापी आणि डबा हे सारे स्वच्छ उमटले होते. दाग्येरच्या पत्र्यावर पॉलिश करवून घेणारा राहिला आणि करणारा धूसर झाला. माझ्या चित्रात गिऱ्हाईक नाहीसे झाले आणि कारागीर राहिला. यात माझे कर्तृत्व काही नाही. ते वंगणाचे आहे. परंतु ७ रोलांतले हेच चित्र मला सर्वांत मोलाचे वाटते.

प्रिंट घेऊन गेलो. मामांनी ते उलटसुलट करून पाहिले. “गिऱ्हाईक उडालं की रं सगळं!” असे म्हणून ते हसले. मग बोट ठेवून म्हणाले, “ही माझी रापी. बापाची हाय ती.” प्रिंट त्यांनी खिळ्यांच्या डब्याखाली सपाट ठेवले. पैसे विचारले, मी घेतले नाहीत. माझ्या चपलेचा अंगठा शिवून दिल्याचे त्यांनीही घेतले नाहीत.

शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते की जुना कॅमेरा घेऊन रस्त्यावर जाऊ इच्छिणाऱ्या मित्रमैत्रिणींनी झाकण काढावे, चकती फिरते का पाहावे, घटावर विश्वास ठेवू नये आणि प्रिंट देण्यासाठी खिशात थोडे पैसे राखून ठेवावेत. आईला मी मामांचे चित्र दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली. नंतर म्हणाली, “माझा काढणार असशील तर सकाळी लौकर ये. आदी पेंड्या नीट लावू देत.” आठवा रोल मी अजून कॅमेऱ्यात भरलेला नाही.